सगळ्यांच्या मागे

ठरलेलंच आहे आमचं: पुढे पिरिपी,
कारण त्याला थांबणं जमत नाही,
आणि शेवटी मी,
कारण मला जमतं.

रीफ्टनहून निघालो तेव्हा अंधार होता.
वाट सुरू होते तिथे गाड्या लावल्या, सायकली उतरवल्या.
ग्लेनिसनं प्रत्येक टायर अंगठ्यानं दाबून पाहिला,
एवोकाडो पिकलाय का बघावं तसा,
आणि कुणाला न विचारता तिघांची हवा काढली.
"मुळांवरून जायचंय," म्हणाली,
"इतकं फुगून काय करायचंय?"
सदुसष्ट वर्षांची आहे. तिच्याशी वाद कोण घालणार?

मग बीचचं जंगल.
खोडं काळी, काजळी धरलेली,
तिच्यातून गोड थेंब लोंबणारे, त्यांच्यावर गांधीलमाश्या,
आणि उजव्या हाताला, कायम, नदी.
दिसते कमी. बोलते फार.
शेजारच्या घरातल्या रेडिओसारखी:
शब्द कळत नाहीत,
पण मध्येच बंद झाला तर हातातलं काम थांबेल.

सोनं शोधणाऱ्यांनी ही वाट खोदली, खेचरांसाठी.
खेचराला हँडल नसतं.
हे कड्याच्या वळणावर दर वेळी नव्यानं कळतं.

मागून माणसं वेगळी दिसतात.
फर्गसचा ब्रेक किंचाळतो, फर्गस कधीच नाही.
मेरेआना चढावर स्वतःशी हिशेब करते, दुकानाचा, मोठ्यानं.
आणि चिखलात पाच जणांच्या रेघा
एकमेकींत शिरलेल्या, मी वाचत जाते:
इथे टावेरा घाबरला, पाय टेकला.
इथे नाही घाबरला.
इथे घाबरायला हवं होतं.

टावेरा मेरेआनाचा भाचा. चौदाचा.
सायकल उसनी, हेल्मेट मोठं,
सकाळपासून एकूण चार शब्द.

झुलत्या पुलावर पाटी: एका वेळी एकच माणूस.
हँडल तारांत मावत नाही,
म्हणून सायकल मागच्या चाकावर उभी करायची
आणि लग्नात पहिल्यांदा नाचायला उठवलेल्या काकासारखं
तिला धरून, अवघडून, पाऊल पाऊल.
खाली पाणी हिरवं, बाटलीच्या तळासारखं.

मधोमध टावेरा थांबला.
पूल हलत राहिला, तो नाही.
पिरिपी पलीकडून काही सांगणार होता,
ग्लेनिसनं त्याच्या दंडावर हात ठेवला.
बराच वेळ. नदीच काय ती बोलत होती.
मग मेरेआना ओरडली:
"सँडविचमध्ये बीट चालेल का?"
"नाही!" तो ओरडला, भलताच चिडून,
आणि त्या चिडीच्या भरात पलीकडे पोचला.

पलीकडे पिरिपीनं माणसं मोजली. पाच.
पुन्हा मोजली. पाच.
मी अलीकडून हात केला.
"हो हो, तू," असं काहीसं हातानंच म्हणाला.

आता हे कुणाला सांगितलेलं नाही.
माझी पाळी येते,
तेव्हा मी लगेच निघत नाही.
चेन बघते. बघण्यासारखं तिच्यात काही नसतं.
ब्रेकचं किंचाळणं गेलेलं, हिशेब गेलेला,
आणि या काठावर एकटी मी,
माझी सायकल,
आणि एक पिवाकावाका, मुठीएवढा,
शेपटीचा पंखा उघडत, मिटत.
वाटभर तो माझ्या मागे होता.
माझ्या चाकांनी उठवलेले किडे खात.
म्हणजे शेवटची मी नव्हतेच.
एक मिनिट. फार तर दीड.
तेवढ्यासाठी मी मागे असते.
थांबणं जमतं वगैरे आपलं म्हणायला.

जेवताना सँडफ्लायनी घोटे फोडून काढले.
टावेरानं बीट बोटानं काढून पाण्यात टाकलं,
लाल चकती वळणापर्यंत दिसत राहिली.

परतताना तो माझ्याजवळ रेंगाळला.
"मागे मी येऊ?"
सकाळपासूनचं त्याचं सगळ्यात लांब वाक्य.
मी म्हटलं, "बघू. पुढच्या खेपेला."
त्याला पुढे घातलं,
आणि पुलाच्या जरा आधीच
ब्रेक दाबले.